पोटवाली गिटार

"मॅडम, ठोकू नका प्लीज. पॉलिश खराब होतं."

अंधेरीच्या त्या थंडगार दुकानात मी गिटारच्या पोटावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं, तेवढ्यावर सेल्समन धावत आला. त्याआधी त्याने मला "नातवासाठी का?" असं विचारून एक चिमुकलं, चार तारांचं उकुलेले काढून दाखवलं होतं, गुलाबी रंगाचं. साठी उलटलेली बाई गिटारच्या दुकानात आली म्हणजे नातवासाठीच येणार, हे त्याने माझ्या केसांकडे बघून ठरवून टाकलं होतं. माझ्यासाठी आहे म्हटल्यावर तो हसला. लहान मूल 'मी पायलट होणार' म्हणालं की हसतात ना, तसा.

माझ्याबरोबर रीटा होती, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. ती खुर्चीवर बसूनच म्हणाली, "ती ठोकणार. ठोकल्याबिगर कळत नाय. तू बाजूला हो."

मला आर्चटॉप हवी होती. साध्या गिटारचं तोंड सपाट असतं, मध्ये गोल भोक असतं. आर्चटॉपचं लाकूड व्हायोलिनसारखं फुगीर कोरलेलं असतं आणि भोकाच्या जागी दोन बाजूंना दोन वळणदार चिरा असतात. जॅझ वाजवणारे जुने लोक हीच धरत. आम्हाला तिचं हे इंग्रजी नाव फार उशिरा कळलं. रीटाचे वडील, पास्कूमामा, तिला 'पोटवाली' म्हणायचे, आणि आमच्यासाठी ती तीच राहिली.

"वायर लावून ऐका ना मॅडम, ॲम्पवर झकास वाजते," सेल्समन म्हणाला.

"वायर नंतर," मी म्हटलं. हे शब्दही माझे नव्हेत, पास्कूमामाचे.

आमचं घर बोरिवलीला होतं. आई मालवणची. गिरणीतलं काम सुटल्यावर बाबा एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते. आईला सगळं बोरिवलीत मिळायचं, फक्त सुकट मिळायची नाही. म्हणजे मिळायची, पण तिच्या मते ती सुकट नव्हती, कचरा होता. म्हणून उन्हाळा लागला की ती मला घेऊन होडीने खाडी ओलांडून गोराईला जायची. होडीत डिझेलचा वास, पलीकडे उतरलं की खारट चिखलाचा, आणि मग वाऱ्याने तोंड वळवलं की वाळत घातलेल्या बोंबलांचा. बांबूंवर जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले बोंबील, त्यांच्या खाली आशाळभूत मांजरं, पलीकडे वांग्यांचे वाफे आणि ताडाची झाडं. रस्त्याच्या वळणावर पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ. आई कोळणीशी भावावरून भांडायला बसली की तासभर तिला माझी आठवण राहायची नाही.

अशाच एका भांडणाच्या वेळी मी तो आवाज ऐकला. एका कौलारू घराच्या ओट्यावर एक काळासावळा, बारीक माणूस नुसत्या बनियनवर गिटार वाजवत बसला होता. गिटार मला सिनेमातून माहीत होती, पण हा आवाज तसा खणखणीत नव्हता. कोरडा होता, उबदार होता, आणि वाजला की लगेच विझायचा. विझायच्या आत दुसरा यायचा. दोन्ही मिळून काहीतरी सांगत होते आणि मला ते कळता कळता राहत होतं. मी ओट्याच्या पायरीवर कधी बसले ते मलाच समजलं नाही.

आई शोधत आली तेव्हा तिच्या हातात सुकटीची पिशवी आणि तोंडात शिव्या होत्या. "खंय गेललंस गो? माका वाटला खाडीत पडलंस!"

"बसू दे तिला, बाय," तो माणूस म्हणाला. "पोरीला कान हाय."

माझ्या कानांबद्दल तोवर एकट्या डॉक्टरने काही म्हटलं होतं, तेही फुटलाय म्हणून. आईने शिवी अर्ध्यावर तोडली आणि पिशवी ओट्यावर ठेवली. असं ती सहसा करत नसे.

तो माणूस म्हणजे पास्कूमामा. मग रविवारी त्यांची चर्चमधली मिस्सा आटोपली की मी गोराईला त्याच्याकडे शिकायला जायला लागले. आई मालवणी मसाल्याची बरणी भरून द्यायची, तीच माझी फी. त्याची मुलगी रीटा माझ्याच वयाची. ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मासे साफ करत बसायची, आणि मी तोच कॉर्ड, एकत्र दाबायच्या सुरांचा मेळ, पुन्हा पुन्हा चुकवला की सुरी थांबवून माझ्याकडे बघायची. तिला गिटार नको होती. "माझ्या बोटांना भोकं पाडून घ्यायची नाय," म्हणायची. पण तिचा कान माझ्यापेक्षा तयार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पास्कूमामा सुरांची नावं क्वचित घ्यायचा. माझी बोटं धरून लाकडावर ठेवायचा आणि म्हणायचा, "इथं दाब. आता सोड. आता ऐक, ती काय म्हणते." उजव्या हाताला अंगण झाडल्यासारखी लय हवी, झप् झप् झप् झप्, एकही झप् जास्त नाही. गिटारच्या पेटीत तो तांदळाची पुरचुंडी ठेवायचा, खाडीच्या दमट वाऱ्याने लाकूड फुगू नये म्हणून. पेटी उघडली की आधी जुन्या मखमलीचा वास यायचा, मग तांदळाचा, मग लाकडाचा. पुरचुंडी बदलायचं काम माझं होतं. जुने तांदूळ कोंबड्यांना घालायचे. आज कुठल्याही वाण्याच्या दुकानात तांदळाच्या पोत्याजवळ मी एक क्षण थांबते, आणि मागची माणसं मला ढकलून पुढे जातात.

ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात तो नाचाची गाणी वाजवायचा नाही. पोटवाली मांडीवर घेऊन नुसती डाव्या हाताची बोटं तारांवरून फिरवायचा, आवाज न करता. मला ते शिकण्यातलं सगळ्यात अवघड वाटायचं, कारण त्या मुक्या बोटांवरून कुठलं गाणं चाललंय ते ओळखायला लावायचा. गुड फ्रायडेला तारा सैल करायचा. आणि भाताचं पहिलं कणीस चर्चमध्ये नेण्याचा आगेऱ्याचा सण आला की सगळं वर्षभराचं उसनं फेडल्यासारखा वाजवायचा. बायका लुगडी सावरून नाचायच्या, ताडीचा आंबूस वास, मैद्याचे गोल फुगे तळल्याचा वास, आणि त्या गदारोळात त्याची गिटार सगळ्यात हळू असूनही सगळ्यात स्पष्ट ऐकू यायची.

हे सगळं मी किती छान सांगते आहे. पण मला हे छान सांगायचं नाहीये. मला राग आला आहे.

राग तेव्हापासूनचा आहे. पास्कूमामा तरुणपणी शहरात एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा. पांढरा कोट, काळा बो. हॉटेलचं पुढचं दार पाहुण्यांसाठी होतं, म्हणून बँडवाल्यांनी मागच्या दाराने, भांडी घासायच्या मोरीजवळून आत यायचं. पांढरा कोट वर उचलून धरून. बँडच्या मालकाला 'पास्कोल' हे नाव गावठी वाटलं, त्याने परस्पर 'पॅट' करून टाकलं. पुढे हॉटेलात बँड बंद झाला, तेव्हा सिनेमाच्या गाण्यांत तो वाजवायला लागला. त्यातली कितीतरी गाणी आमच्या बोरिवलीच्या चाळीत रेडिओवर सकाळ-संध्याकाळ लागायची. गाणारीचं नाव सांगायचे, लिहिणाऱ्याचं सांगायचे, पडद्यावर ओठ हलवणाऱ्याचं सांगायचे. मधल्या जागेत जी गिटार यायची, जिच्यामुळे माझ्या आईचा पोळी लाटणारा हात थांबायचा, तिच्या मागच्या माणसाचं नाव कोणी कधी सांगितलं नाही.

मी चिडायची. "मामा, तू सांगत का नाहीस त्यांना?"

"अगो, वाजली ना? मग झालं," म्हणून तो वांग्यांना पाणी घालायला उठायचा.

झालं कसं? लोकांना त्याचं हे बोलणं फार थोर वाटतं. मला कधीच वाटलं नाही. माणूस भांडत नाही, याचा अर्थ त्याचं काही चोरीला गेलेलं नाही असा होत नाही.

पुढे कॉलेज, बँकेतली नोकरी, मुलुंडचं सासर. माझ्याकडे एक साधी गोल भोकाची गिटार होती. मुलगा झोपला की हळूच वाजवायची, बँकेच्या स्पर्धेत एकदा वाजवली. जॅझ मात्र त्या गिटारवर कधी नीट बसलं नाही. एक कॉर्ड वाजवला की त्याचं शेपूट पुढच्या कॉर्डात लोंबत राहायचं. निवृत्त झाल्यावर पोटवाली घ्यायची असं कधीतरी मनात धरून ठेवलं होतं. दरम्यान पास्कूमामा गेला. त्याच्या माघारी घरातली जुनी कपाटं भंगारात निघाली तेव्हा रीटाच्या भावाने त्यांच्याबरोबर, आतल्या जुन्या फोटोंसकट, गिटारही देऊन टाकली. का, कशी, हे रीटा बोलत नाही आणि मी विचारत नाही.

आणि मग या वर्षी रीटाचा फोन आला. तिच्या भाचीने वाढदिवसाला अंधेरीच्या एका नव्या रेस्टॉरंटमध्ये काढलेला फोटो पाठवला होता. "मागची भिंत बघ," रीटा म्हणाली. तिचा आवाज मी इतका खालचा कधी ऐकला नव्हता.

आम्ही दुसऱ्याच दुपारी गेलो. भिंतीवर पोटवाली होती. तिच्या कोरलेल्या पोटातून आरपार दोन मोठे स्क्रू भिंतीत ठोकले होते. आतून पिवळा बल्ब पेटवला होता, म्हणजे चिरांतून उजेड पाझरावा. तारांच्या जागी नायलॉनची दोरी. शेजारी मोठा करून लावलेला फोटो: पांढऱ्या कोटातला तरुण पास्कूमामा, कडेचे बाकीचे बँडवाले कापून टाकलेले. आणि खाली पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलं होतं: अज्ञात वादक, जुनी मुंबई. मेनू कार्डावर 'जॅझ भजी प्लॅटर' होतं. मी ते वाचलं, आणि माझ्या कानात जे वाजायला लागलं ते गिटार नव्हतं.

रीटा फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "माझे पप्पा हायत ते."

मॅनेजरने मालकाला बोलावलं. मालक तिशीतला, गोड बोलणारा. "वॉव आंटी! सीरियसली? आम्ही हे सगळं एका अँटिकवाल्याकडून सेटमध्ये घेतलं. हा ट्रिब्यूट आहे ॲक्च्युअली. त्या लोकांना कोणी विचारत नाही ना, म्हणून."

"तू विचारलंस?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कोणी विचारत नाही म्हणतोस. तू कोणाला विचारलंस, हा माणूस कोण म्हणून? या पट्टीवर 'अज्ञात' कोरायला माणूस शोधलास ना? मग हा शोधला असतास. त्याची पोरगी खाडीपलीकडे राहते."

"मॅडम, हळू बोला, गेस्ट आहेत."

मी आयुष्यात कुठल्या हॉटेलात ओरडले नव्हते. पाण्यात माशी निघाली तरी चमच्याने काढून प्यायलेली बाई मी. त्या दुपारी मी एवढी ओरडले की स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली. गिटारच्या पोटात स्क्रू ठोकतात का, मी म्हणाले. हे लाकूड कोणीतरी महिनोन् महिने कोरून एवढं पातळ केलं, ते थरथरावं म्हणून, आणि तू त्यात बल्ब घालतोस? तुझ्या आजोबांच्या छातीत लावशील का बल्ब? रीटा खुर्चीवर चढली आणि टेबलावरच्या फळं कापायच्या सुरीने पहिला स्क्रू फिरवायला लागली. तिच्या हाताला सुरीची सवय होती.

शेवटी मालक म्हणाला, "घेऊन जा, यार. सीन नको. आणि नाव सांगा त्यांचं, मी फोटोखाली लावतो. प्रॉमिस."

रीटाने खुर्चीवरूनच सांगितलं, एकेक अक्षर सावकाश. त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. आम्ही पोटवाली रिक्षात घातली. तिच्या पोटातून वायर लोंबत होती. दिंडोशीपर्यंत सिग्नलला थांबलेले सगळे आमच्याकडे बघत होते. रीटाने आपला दुपट्टा काढून तिच्यावर घातला, जखमी माणसावर चादर घालावी तसा.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने आरसा आणि टॉर्च घालून आत बघितलं. पोटाला आतून आधार देणाऱ्या दोन्ही लाकडी पट्ट्या स्क्रूंनी फोडल्या होत्या, आणि बल्बच्या उष्णतेने वरचं लाकूड तडकलं होतं. "दिसायला नीट करून देतो," तो म्हणाला. "तार मात्र चढवू नका. ताण आला की पोट आत बसेल." त्याच्या दुकानातून बाहेर पडल्यावर रीटा रस्त्यातच थांबली. तिचं सगळं तोंड लाल झालं होतं.

"तू नवी घे," ती म्हणाली. "आता निवृत्त झालीस ना? काय मुहूर्त बघतेस? मला तो आवाज पायजे."

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो, आणि म्हणून मी ठोकत होते.

पहिली लालभडक, आरशासारखी चकचकीत. ठोकली तर टक् झालं आणि तिथंच मेलं. प्लायवूड दाबून फुगवलेलं होतं. वायरीवर गोड वाजेल, पण मांडीवर घेतल्यावर माझ्या पोटाला तिचं काही कळेना. रीटाने मान हलवली. दुसरी खरी कोरलेली, मधाच्या रंगाची, इतकी देखणी की सेल्समनही आदराने हात लावत होता. आवाज भरदार. पण ती अंगाने एवढी रुंद की माझा उजवा खांदा कानाला लागला. ज्यांनी हे माप ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखी बुटकी बाई कधीच नव्हती, आणि याचाही मला त्या दिवशी राग आला. तिसरी कोपऱ्यात होती. कोणीतरी वापरून विकलेली, तपकिरी, अंगाने आटोपशीर. मानेच्या मागे कोणाच्या तरी अंगठ्याने रंग घासून काढला होता. ठोकली, तर आतून कोणीतरी 'हं' म्हटल्यासारखा आवाज आला. जाड तारेवर एक सूर वाजवून हात काढून घेतला. सूर उमलला आणि विझला, शेपूट न सोडता. मग मी चारच कॉर्ड वाजवले, झप् झप् झप् झप्.

मी रीटाकडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती. उघडले नाहीत, नुसती म्हणाली, "तिसरा कॉर्ड चुकवलास. घे ही."

सेल्समन म्हणाला, "मॅडम, याची वॉरंटी नाही हां."

"आमची तरी कुठं हाय?" रीटा म्हणाली.

दोन महिने मी घरी रियाज केला. बोटांना पुन्हा घट्टे पडले. मुलुंडच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे काका एकदा तक्रार करायला आले आणि बसून ऐकून गेले. तेवढ्यात रीटाच्या भाचीने पुन्हा एक फोटो पाठवला. त्या भिंतीवर दुसरी एक गिटार टांगली होती, तिच्याही पोटात बल्ब. शेजारी पास्कूमामा तसाच, पांढऱ्या कोटात. आणि खाली तीच पितळी पट्टी. अज्ञात वादक, जुनी मुंबई.

आता तर त्यांना माहीत होतं. त्याच्या लेकीने अक्षरन् अक्षर सांगितलं होतं, मालकाने आमच्यासमोर टिपून घेतलं होतं. तरी अज्ञात.

आम्ही रविवारी दुपारी गेलो, सगळी टेबलं भरलेली असतात तेव्हा. फोटोच्या बरोबर खालचं टेबल मिळेपर्यंत दारात उभ्या राहिलो. बसल्यावर रीटाने चहा सांगितला. मी पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. वायर नाही, काही नाही. आधी शेजारच्या टेबलाची बडबड थांबली, मग पलीकडच्या. कोणीतरी छतातल्या स्पीकरवरचं गाणं बंद करायला सांगितलं आणि ते बंद झालं. लय सुटत नव्हती.

मॅनेजर वाकून म्हणाला, "मॅडम, इथं लाइव्ह म्युझिक अलाऊड नाही."

"नाव लाव," रीटा म्हणाली. "तवर वाजणार."

तो मालकाकडे गेला. मालकाने लांबूनच आमच्याकडे बघितलं, ऐकत बसलेल्या लोकांकडे बघितलं, आणि मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. थोड्या वेळाने मॅनेजर मेनूचा एक कागद, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिलेला, घेऊन आला आणि पितळी पट्टीवर चिकटवला. 'पास्कोल', मोठ्या अक्षरांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकाने हात जोडले. मी तारांवर तळवा ठेवून आवाज थांबवला.

रीटा उठली, चष्मा लावून कागद वाचला आणि परत येऊन बसली.

"आडनाव राह्यलंय," ती मला म्हणाली. "वाजव तू."

मी पुढचं गाणं सुरू केलं.